नावांची नोंदवही कोणाची?

(अष्टमी, तालुका रोहा, येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. गावे दोन, नगरपरिषद एक, आणि तिच्या नावात दोन्ही गावे जोडून घेतलेली. कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या स्थानकाच्या फलकावर मात्र एकटा रोहा. जिल्ह्याचे म्हणाल तर तो पिढ्यान्‌पिढ्या कुलाबा जिल्हा होता. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. नाव कोणी द्यावे, ते कोणत्या दप्तरात चढावे, आणि दप्तर सांभाळणाऱ्याचा त्या नावावर अधिकार किती, हे प्रश्न ह्या परिसराला नवे नाहीत.

नवे नाहीत ह्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक खोल आहे. १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. परंतु ज्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात चढलेच नव्हते, त्याला आपण कूळ आहोत हे सिद्ध करता करता कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जमीन तीच, घाम तोच, नांगर तोच. पण नोंद नाही म्हणून हक्क नाही. नोंदवही ही केवळ कागदांची चोपडी नसते, ती सत्तेची जागा असते, हा धडा कोकणातल्या कुळाने पुस्तकातून घेतलेला नाही.

इंटरनेटवरील नावांच्या व्यवस्थेचा प्रारंभिक इतिहास आणि त्याविषयीचे वाद हा आजचा विषय. विषय तांत्रिक वाटेल, परदेशी वाटेल. वस्तुतः तो त्याच जुन्या प्रश्नाचा नवा अवतार आहे: नोंदवही कोणाची?

एका खोलीतील यादी

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. यंत्रांना क्रमांक पुरतात. माणसांना नावे लागतात. नाव उच्चारले की क्रमांक सापडावा, ह्यासाठी कोठे तरी दोहोंची सांगड नोंदवून ठेवावी लागते. १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून ‘आर्पानेट’ हे संगणकांचे जाळे सुरू झाले, तेव्हा ही सांगड एका साध्या यादीत होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर ह्यांच्या देखरेखीखालील माहिती केंद्र ती यादी सांभाळीत असे. नवे यंत्र जोडायचे असले की तेथे कळवायचे. ती मंडळी नाव लिहून घेत आणि जाळ्यातील इतर यंत्रे यादीची नवी प्रत उतरवून घेत. भांडण नव्हते, कारण बाजार नव्हता.

यंत्रे वाढली तशी यादी अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत आज चालू असलेल्या डोमेन नाव पद्धतीची मांडणी केली. तिचे मर्म विकेंद्रीकरण होते. सगळी नावे एका वहीत न ठेवता झाडाप्रमाणे फांद्या पाडायच्या. ‘कॉम’ची वही एकाकडे, ‘एज्यु’ची दुसऱ्याकडे, भारताच्या ‘इन’ची भारतात. प्रत्येक फांदीने आपल्याखालच्या डहाळ्यांचा हिशेब ठेवावा. वरच्याने खालच्यात हात घालू नये.

पण झाडाला मूळ हवेच. कोणती फांदी कोणाकडे आहे एवढेच सांगणारी एक छोटीशी वही सर्वांच्या वर, किंवा म्हणावे तर सर्वांच्या तळाशी, राहिली. ह्या वहीला ‘रूट’ म्हणतात. तीत नोंदी थोड्या. पण तीतून ‘इन’ची ओळ पुसली, तर भारतातील सर्व ‘इन’ नावे जगाला दिसेनाशी होतील. फांद्यांचे विकेंद्रीकरण जितके पूर्ण, तितके मुळाचे केंद्रीकरण मोलाचे. पुढच्या सगळ्या तंट्यांचे बीज येथे आहे.

मुळाची ही वही जॉन पोस्टेल ह्या एका विद्वान, दाढीधारी, निःस्पृह माणसाच्या देखरेखीखाली होती. देशांच्या नावांसाठी त्यांनी एक शहाणपणाची युक्ती योजली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही ह्या वादात स्वतः न पडता आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची दोन अक्षरी संकेतांची यादीच त्यांनी प्रमाण मानली. १९९४ साली त्यांनी लिहिलेल्या नियमपत्रात एक तत्त्व स्वच्छ शब्दांत आहे. नावांच्या शाखेवर मालकी आणि हक्क सांगणे अनुचित. जो ती सांभाळतो त्याने जबाबदारी आणि सेवा ह्यांचा विचार करावा. विश्वस्त कल्पनेशी परिचित असणाऱ्या भारतीय वाचकाला हा विचार परका वाटणार नाही.

ह्या विश्वस्तपणाची एक कडी मुंबईत होती. ८ मे १९८९ रोजी भारताचे ‘इन’ हे नाव मुळाच्या वहीत चढले, आणि त्याची देखभाल मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आली. डॉ. श्रीनिवासन रमाणी त्या केंद्राचे प्रमुख. देशातील आठ सार्वजनिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभे करण्यात ह्या केंद्राचा मोठा वाटा होता, आणि जगाशी जोडणारा दुवाही तेथेच होता. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. म्हणजे देशात इंटरनेटचा बाजार येण्यापूर्वी इंटरनेटची सार्वजनिक सेवा येथे रुजली होती. इतिहास सांगताना हा क्रम विसरला जातो.

खोत मालक कसा होतो

आता वादाकडे वळावे. १ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने ‘कॉम’, ‘नेट’, ‘ऑर्ग’ ह्या नावांच्या नोंदणीचे काम नेटवर्क सोल्युशन्स ह्या खाजगी कंपनीला करारावर दिले. खर्च सरकार देई. नाव नोंदविणाऱ्याला काही पडत नसे. मार्च १९९५ मध्ये लष्करी कंत्राटे घेणाऱ्या एका बड्या कंपनीने नेटवर्क सोल्युशन्स विकत घेतली. सहा महिन्यांनी, सप्टेंबर १९९५ मध्ये, कराराला दुरुस्ती झाली आणि नावाला वर्षाला ५० डॉलर शुल्क लागू झाले. पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर एकदम भरायचे. त्यातील तीस टक्के सरकारी निधीत, उरलेले कंपनीकडे.

ह्या दुरुस्तीसाठी जगातील नावधारकांचे मत कोणी घेतले? कोणी नाही. वही तीच, ओळ तीच, लिहिण्याचा खर्च जवळजवळ नगण्य. बदलले एवढेच की वहीकडे जाण्याच्या दारावर आता वसुलीची चौकी बसली. पुढे अमेरिकेच्या न्यायालयात दावा झाला. सरकारी निधीत जाणारा तीस टक्के भाग म्हणजे कायदेमंडळाच्या संमतीवाचून बसवलेला कर आहे, असे न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले. तेव्हा कायदेमंडळाने मागाहून ठराव करून तो कायदेशीर ठरवला. कंपनीच्या सत्तर टक्क्यांचा प्रश्न तसाच राहिला. २००० साली व्हेरिसाइन ह्या कंपनीने नेटवर्क सोल्युशन्स सुमारे २१०० कोटी डॉलरला घेतली. ह्या किमतीत यंत्रे आणि इमारती किती होत्या? किंमत होती ती वहीवरच्या ताब्याची.

कुलाबा जिल्ह्यातील श्रोत्याला ह्या कथेत खोताचा चेहरा दिसल्यावाचून राहणार नाही. खोत हा मुळात सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. सरकारला वसुलीची सोय हवी होती, ती त्याने पुरवली. परंतु वही त्याच्या हाती, कुळांची नावे त्याच्या हाती. होता होता मध्यस्थ वंशपरंपरेचा मालक म्हणून मिरवू लागला. त्याच्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. ही तुलना सर्वांगाने जुळत नाही. डोमेन नावावाचून कोणी उपाशी मरत नाही, आणि कंपनीने नोंदणीचे काम वाढत्या संख्येत पार पाडले हेही मान्य केले पाहिजे. पण यंत्रणा तीच आहे: सार्वजनिक कामाचे कंत्राट, कंत्राटातून मक्ता, मक्त्यातून मालकीचा दावा.

आठवडाभराचे बंड

विरोध झाला. १९९६ मध्ये पोस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी नावे निर्माण करून मक्तेदारी मोडण्याची योजना आखली. त्यासाठी समिती बसली, आणि १ मे १९९७ रोजी जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पुढाकाराने एका मसुद्यावर सह्याही झाल्या. व्यवस्थेचे केंद्र अमेरिकेबाहेर सरकेल अशी ती योजना होती. अमेरिकेचे सरकार तिला अनुकूल नव्हते. नावांची समांतर मुळे चालवणारेही ह्याच सुमारास पुढे आले; त्यांपैकी युजिन काश्पुरेफ ह्या गृहस्थाने जुलै १९९७ मध्ये अधिकृत नोंदणीस्थळाकडे जाणारी वाहतूक काही काळ आपल्या स्थळाकडे वळवून जगाचे लक्ष वेधले.

मग २८ जानेवारी १९९८ हा दिवस आला. मूळ वहीची मुख्य प्रत नेटवर्क सोल्युशन्सच्या यंत्रावर होती, आणि जगातील बारा यंत्रे तिच्यावरून आपापल्या प्रती करून घेत. पोस्टेल ह्यांनी ह्या यंत्रांच्या चालकांना साधे पत्र धाडले: ह्यापुढे प्रत माझ्या यंत्रावरून घ्या. आठ चालकांनी तसे केले. लष्कराची, नासाची आणि कंपनीची यंत्रे जागची हलली नाहीत. कोणत्याही सामान्य वापरणाऱ्याला काही जाणवले नाही, कारण दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या होत्या. अध्यक्ष क्लिंटन ह्यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर ह्यांच्या कानी गोष्ट गेली, दबाव आला, आणि सुमारे आठवडाभरात पोस्टेल ह्यांनी सर्व पूर्ववत केले. हा एक प्रयोग होता, असे त्यांनी सांगितले. घटना घडली त्याच आठवड्यात सरकारने नव्या व्यवस्थेचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला.

ह्या आठवड्याचा अर्थ काय, ह्यावर आजही एकमत नाही. इतिहासाच्या तीन मांडण्या आहेत आणि प्रत्येकीमागे एक हितसंबंध उभा आहे.

पहिली मांडणी सरकारची. संशोधनाचा पैसा आमचा, पोस्टेल ह्यांच्या संस्थेशी करार आमचा, कंपनीशी करारही आमचाच. म्हणून मूळ आमचे. दुसरी मांडणी तंत्रज्ञांची. कोणत्याही कायद्याने कोणाला आमची वही वाचण्याची सक्ती केली नव्हती; विद्यापीठे आणि संस्था विश्वासाने ती वाचत होत्या; म्हणून मूळ ह्या समुदायाचे. तिसरी मांडणी कंपनीची. भांडवल आमचे, रोजचे काम आमचे. म्हणून नोंदणीचा सारा संग्रह आमची मालमत्ता.

पुरावा काय सांगतो? आठ चालकांनी कोणत्याही सरकारी हुकुमावाचून पोस्टेल ह्यांचे ऐकले, ह्यावरून तंत्रज्ञांचे म्हणणे निराधार नाही हे दिसते. मुळाचा अधिकार अखेर संमतीवर उभा होता. परंतु सरकारचा दबाव येताच तेच पोस्टेल मागे फिरले, ह्यावरून ती संमती राज्यसत्तेच्या छायेतच नांदत होती हेही तितकेच स्पष्ट होते. कंपनीचे म्हणणे सर्वांत दुबळे. कारण जे तिला कराराने सांभाळायला मिळाले ते तिने निर्माण केले नव्हते. म्हणजे निर्मिती सार्वजनिक पैशाची, टिकाव सामुदायिक विश्वासाचा, आणि लाभ मात्र खाजगी.

तथापि तंत्रज्ञांच्या मांडणीपुढे भाबडेपणाने मान तुकवणेही बरे नव्हे. पोस्टेल सज्जन होते. पण एका माणसाचे सौजन्य ही संस्था नव्हे. अनेक देशांची नावे त्या त्या देशातील ज्या प्राध्यापकाने आधी मागितली त्याला मिळाली. दक्षिण आफ्रिकेत २००२ साली सरकारने कायदा करून देशाचे नाव ताब्यात घ्यायचे ठरवले, तेव्हा ते सांभाळणाऱ्या गृहस्थाने मूळ वही देशाबाहेर हलवली होती. वर्णभेदाचे राज्य उलथून आलेले लोकनियुक्त सरकार एका बाजूला आणि प्रामाणिक पण कोणालाही उत्तरदायी नसलेली व्यक्ती दुसऱ्या बाजूला, असा हा पेच होता. व्यक्तीच्या चारित्र्यावर विसंबणाऱ्या व्यवस्थेला हा पेच आज ना उद्या गाठतोच.

आणि चौथी मांडणी? जे रोज ह्या नावांचा वापर करतात त्या कोट्यवधींची? ती इतिहासात जवळजवळ नाहीच.

एक निवडणूक आणि तिचा शेवट

सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस ‘आयकॅन’ ही नवी संस्था कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली ना-नफा संस्था म्हणून नोंदली गेली. पोस्टेल १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, निधन पावले. ज्या माणसाभोवती विश्वास गोळा झाला होता तो माणूसच गेला, आणि नव्या संस्थेला विश्वास स्वतः कमवावा लागला.

ही संस्था लोकशाहीचे आश्वासन देऊन आली. नियामक मंडळावर नऊ जागा सामान्य वापरकर्त्यांच्या प्रतिनिधींना असतील, असे ठरले होते. त्यांपैकी पाच जागांसाठी २००० साली, प्रत्येक खंडविभागाला एक याप्रमाणे, जगभर इंटरनेटवरून मतदान झाले. सुमारे ३४ हजार लोकांनी मत दिले. युरोपातून अँडी म्युलर-मागून आणि उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑरबाख हे व्यवस्थेचे टीकाकार निवडून आले. आशिया-प्रशांत विभागातून जपानचे मासानोबू कातो आले.

मतदार थोडे होते, नोंदणीत गोंधळ होता, काही देशांत संघटित भरती झाली. हे दोष खरे. पण दोष असलेली निवडणूक सुधारायची असते. येथे २००२ च्या सुधारणेत निवडणूकच रद्द झाली. निवडून आलेल्यांच्या जागी नामनिर्देशन समितीने निवडलेले आले. ऑरबाख ह्यांना तर संचालक असताना संस्थेचे दप्तर पाहण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभांचा अनुभव असणाऱ्या कार्यकर्त्यांना ह्याचे अधिक स्पष्टीकरण नको. सभासदांची उपस्थिती कमी असते म्हणून सभाच बंद करावी, हा युक्तिवाद त्यांनी अनेकदा ऐकला आहे.

मुंबईपासून देवनागरीपर्यंत

भारतात काय घडले? ‘इन’ची व्यवस्था सार्वजनिक संस्थेकडे होती, ही अभिमानाची गोष्ट, पण ती लोकाभिमुख होती असे म्हणता येणार नाही. अटी कडक, कागदपत्रे पुष्कळ, प्रक्रिया संथ. परिणामी २००४ अखेरपर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली, आणि भारतीय उद्योजक, वृत्तपत्रे, संस्था डॉलर मोजून ‘कॉम’कडे गेल्या. सार्वजनिक मालकी असूनही दार बंद ठेवले, तर लोक मक्तेदाराच्या दारी जातात. समाजवादी चळवळीने हा धडा नाकारू नये. इतर अनेक क्षेत्रांतही तो लागू पडला आहे.

राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाले. २००३ साली स्थापन झालेल्या ‘निक्सी’ ह्या ना-नफा कंपनीकडे ‘इन’चे काम सोपवण्यात आले आणि जानेवारी २००५ पासून नोंदणी खुली झाली. आज नावांची संख्या ३० लाखांच्या पुढे आहे. परंतु नोंदणीयंत्रणा प्रत्यक्ष चालवण्याचे काम आरंभापासून ॲफिलियास ह्या परदेशी कंपनीला आणि २०१८ साली न्यूस्टारला दिले गेले. नाव देशाचे, धोरण सरकारचे, वहीवरचा हात मात्र कंत्राटदाराचा. ज्या देशाने ही वही १९८९ पासून स्वतः सांभाळून दाखवली होती, त्याने ते कौशल्य गमवावे का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

नाव ही मालमत्ता की पत्ता, ह्या प्रश्नावर न्यायालयांनीही बोलायला आरंभ केला. १९९९ मध्ये ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ ह्या दोन नावांचा तंटा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. डोमेन नाव हा निव्वळ इंटरनेटवरचा पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात हाच विचार दृढ केला. लबाडांना आळा घालण्यासाठी हे आवश्यक होते. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की सारा वाद व्यापारचिन्हाच्या चौकटीत गेला. ज्याच्यापाशी चिन्ह आहे त्याला नाव, ही चौकट गावाच्या, भाषेच्या, जमातीच्या नावाला ओळखत नाही.

भाषेचा प्रश्न तर मराठी माणसाच्या थेट जिव्हाळ्याचा. ही पद्धती घडवणाऱ्यांनी नावात केवळ रोमन अक्षरे, आकडे आणि एक आडवी रेघ एवढेच धरले होते. त्यात दुष्ट हेतू नव्हता; त्यांच्यापुढे दुसरी लिपी लिहिणारा माणूसच नव्हता. बहिष्कार नेहमी द्वेषातून होतो असे नाही. पुष्कळदा तो अनुपस्थितीतून होतो. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २०१४ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी खुले झाले. रोमन ‘कॉम’चे पहिले नाव १९८५ च्या मार्चमध्ये नोंदले गेले होते. मधली एकोणतीस वर्षे मराठी माणूस आपले नाव दुसऱ्याच्या लिपीत लिहीत होता.

देवनागरी आली तरी मराठीचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यास’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेला पगार वेगळा. हा अर्धा ‘ऱ’ मराठीचा खास. संगणकावर तो पुष्कळदा एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहिला जाई, आणि अदृश्य चिन्हांमुळे फसवणूक होते म्हणून नावांच्या मुळात त्यांना मज्जाव आहे. तेव्हा मराठीसाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, त्याला हलन्त जोडूनच ते नावात यावे, असा नियम देवनागरीसाठीच्या तज्ज्ञगटाला करावा लागला. एका अक्षरासाठी एवढी खटपट! पण त्या गटात मराठीचे व्याकरण जाणणारा कोणी नसता तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक झाल्या असत्या, आणि जगाला त्याची खबरही नसती. प्रतिनिधित्व म्हणजे काय, ह्याचे ह्याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

राज्यसत्ता, बाजार आणि तिसरी वाट

२००३ ची जिनीव्हा आणि २००५ ची ट्यूनिस येथील जागतिक परिषद, दोन्हीकडे अमेरिकेच्या एकछत्री देखरेखीला आव्हान दिले गेले. निष्पत्ती एवढीच, की चर्चेसाठी एक वार्षिक मंच निघाला. त्याची २००८ ची बैठक हैदराबादला झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघात पन्नास राष्ट्रांची समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडला. एका राष्ट्राची सत्ता नको, हे त्यातले सूत्र न्याय्य होते. पण पन्नास सरकारे म्हणजे पन्नास जनता, असे समीकरण मांडता येत नाही. आपल्याच नागरिकांचे लेखन रोखू पाहणारी सरकारेही त्यांत असतात. भारतातही त्या प्रस्तावावर टीका झाली. २०१५ साली सरकारने भूमिका बदलून सरकारे, उद्योग, तज्ज्ञ आणि नागरी संस्था ह्यांच्या संयुक्त व्यवस्थेला पाठिंबा दिला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकन सरकारचा मुळावरील करारजन्य अधिकार संपला. आयकॅन मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालीच राहिली.

संयुक्त व्यवस्था हा शब्द गोड आहे. ज्या टेबलाभोवती कंपनीचे पगारी वकील आणि ग्रंथालयाचा अवैतनिक कार्यवाह शेजारी बसतात, तेथे खुर्च्या समान असल्या तरी माणसे समान नसतात. तरीही ही वाट निरर्थक नाही, ह्याचे एक उदाहरण अलीकडे घडले. सेवाभावी संस्थांचे घर मानले गेलेले ‘ऑर्ग’ हे नाव इंटरनेट सोसायटीच्या उपसंस्थेकडे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते एका खाजगी गुंतवणूक कंपनीला सुमारे ११३ कोटी डॉलरला विकण्याचा व्यवहार जाहीर झाला. ग्रंथालये, स्वयंसेवी संस्था, हक्कांच्या चळवळी ह्यांनी जगभर निषेध केला. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी शंका उपस्थित केल्या. आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. खोताच्या हाती गाव जाता जाता वाचले. वाचवले ते नियमातील कलमाने नव्हे. कलम होते म्हणून लोकांच्या आवाजाला धरायला जागा मिळाली, आणि आवाज होता म्हणून कलम हलले.

ह्या इतिहासातून अष्टमीसारख्या गावातील कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट अगदी घरची. गावची पतपेढी, वाचनालय, शिक्षणसंस्था, मच्छीमार सोसायटी संकेतस्थळ काढते तेव्हा ते करून देणारा माणूस पुष्कळदा नाव स्वतःच्या नावावर नोंदवतो. हेतू वाईट असतोच असे नाही; सोय म्हणून तसे होते. पुढे तो गाव सोडतो, शुल्क भरायचे राहते, नाव दुसऱ्याच्या हाती जाते आणि संस्थेची दहा वर्षांची ओळख एका रात्रीत नाहीशी होते. तेव्हा नोंद संस्थेच्या नावे आहे ना, मुदत कधी संपते, किल्ली कोणाकडे आहे, हे कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात लिहिलेले असावे. सात-बारा तपासायला शिकलेल्या चळवळीला ही वही तपासणे अवघड नाही.

दुसरी गोष्ट विचाराची. जे सार्वजनिक पैशाने उभे राहिले आणि समाजाच्या विश्वासाने टिकले, त्याची राखण एका सज्जनावर, एका कंपनीवर किंवा एका सरकारवर सोपवून भागत नाही. सज्जन जातो, कंपनी विकली जाते, सरकार बदलते. राखण करणाऱ्याला जाब विचारण्याची जागा सामान्य माणसाला असली पाहिजे. २००० साली ती जागा उघडली होती आणि २००२ साली मिटली. ती पुन्हा मागणे हा केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय नव्हे.

कुळाचे नाव दप्तरात चढावे म्हणून ह्या जिल्ह्याने सहा वर्षे जमीन पडीक ठेवली आणि अर्धपोटी राहून संप केला. त्या माणसांना नोंदवहीची भाषा वाचता येत नव्हती. ती कोणाच्या हाती आहे, हे मात्र त्यांना नेमके ठाऊक होते.